उष्णता, घनता आणि दाब : मर्वपासून माथेरानपर्यंत



शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णता, घनता आणि दाब ही प्रकरणे वेगवेगळी छापलेली असतात. विद्यार्थी एक प्रकरण पाठ करतो, परीक्षा देतो आणि दुसऱ्याकडे वळतो. निसर्गात मात्र ही तिन्ही एकाच घरातील भावंडे आहेत. एकाला हात लावला की दुसरे हलते आणि तिसरे ओरडते. माणसाला हे नाते कसे उमगत गेले त्याची हकिकत फार मनोरंजक असून तिच्यातील काही दुवे आपल्या पनवेलच्या आसपासच सापडतात. म्हणून इतिहासाचा शिक्षक असूनही विज्ञानाच्या अंगणात थोडे पाऊल टाकतो. विज्ञान शिक्षक बंधूंनी सांभाळून घ्यावे.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. ठाणे जिल्ह्याचे सरकारी गॅझेटिअर १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी पनवेल ठाणे जिल्ह्यात होते. बैलगाडीची चाके तयार करणे हा पनवेलचा मोठा धंदा असल्याची नोंद त्यात आहे. मुंबईहून खाडीने आलेला माल येथे उतरे व गाड्यांतून घाटावर जाई. तेव्हा चाके येथे बनावीत हे ओघानेच आले. सुताराने तुंबा, आरे आणि लाकडी घेर जुळवून चाक उभे केले की ते लोहाराकडे जाई. लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. ही धाव तो मुद्दामच चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी. मग ती गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, सांडशांनी उचलून चाकावर बसवायची आणि ताबडतोब वरून पाणी ओतायचे. धाव थंड होताना आवळली जाई आणि सगळे आरे आपापल्या भोकांत घट्ट बसत. खिळा मारून जे काम झाले नसते ते थंड पाण्याने होई.

याचा हिशेब मांडून पाहा. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे साडेबारा फूट भरतो. तेवढ्या लांबीची लोखंडी पट्टी पाचशे अंश सेल्सिअसने तापवली तर ती पाऊण इंचाहून अधिक वाढते. वजन मात्र गुंजभरही वाढत नाही. तेवढेच लोखंड आता जास्त जागा व्यापते, म्हणजेच त्याची घनता कमी झाली. आपल्या लोहाराला घनता हा शब्द ठाऊक नव्हता, पण धाव किती लहान ठेवावी हे त्याला बोटावर सांगता येत असे. या त्याच्या ज्ञानाला कमी लेखू नये. फक्त ते हातातले ज्ञान होते, कागदावर उतरलेले नव्हते.

हातातले ज्ञान तराजूत घालून कागदावर उतरवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत अबू रैहान अल-बीरूनी यांचे नाव फार वरचे आहे. त्यांचा जन्म इ. स. ९७३ मध्ये ख्वारिज्म प्रांतात झाला. महमूद गझनवीच्या काळात ते हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले आणि इ. स. १०३० च्या सुमारास त्यांनी 'किताबुल हिंद' लिहिली. त्या ग्रंथात कोकणाचाही उल्लेख असून त्याची राजधानी समुद्रकाठचे ठाणे असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. पण येथे आपल्याला त्यांच्या वेगळ्याच उद्योगाशी कर्तव्य आहे. सोने, पारा, शिसे, माणिक, पाचू इत्यादी धातू व रत्ने पाण्याच्या मानाने किती जड, हे त्यांनी मोजले. त्यासाठी त्यांनी शंकूच्या आकाराचे, अरुंद गळ्याचे व बाजूला तोटी असलेले एक भांडे तयार केले होते. भांडे काठोकाठ भरायचे, आत खडा टाकायचा आणि तोटीतून बाहेर पडलेले पाणी तोलायचे. गळा अरुंद असल्यामुळे लहानशा खड्यानेही पाणी चटकन वर चढे. साधी युक्ती आहे, पण सुचायला बीरूनीच लागले.

त्यांची सावधगिरी येथे विशेष पाहण्यासारखी आहे. हे प्रयोग त्यांनी ख्वारिज्ममधील जुरजानिया येथे, जैहून नदीच्या पाण्याने आणि शरद ऋतूच्या आरंभी केले, अशी नोंद मागे राहिली आहे. पाणी कोणते आणि ऋतू कोणता हे सांगण्याचे कारण काय? कारण पाणी बदलले की घनता बदलते आणि हवामान बदलले तरी घनता बदलते. ऋतू आणि पाणी न सांगता दिलेला आकडा अर्धवट राहतो, ही जाणीव हजार वर्षांपूर्वी एका माणसाला होती. आमचे विद्यार्थी प्रयोगवहीत तापमानाचा रकाना कोरा सोडतात तेव्हा मला या जैहून नदीची आठवण होते.

बीरूनींचे हे काम अब्दुर्रहमान अल-खाझिनी यांनी पुढे नेले. खाझिनी हे मूळचे रूमी गुलाम. मर्व शहरातील त्यांच्या धन्याने त्यांना शिकवले आणि ते सुलतान संजर याच्या काळातील नामांकित गणिती झाले. सुलतानाकडून आलेले हजार दिनार त्यांनी परत पाठवले, वर्षाला तीन दिनारांत आपले भागते असे सांगितले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. हिजरी ५१५ म्हणजे इ. स. ११२१-२२ मध्ये त्यांनी 'मीझानुल हिकमत' हा ग्रंथ सिद्ध केला. नावाचा अर्थ शहाणपणाचा तराजू. या तराजूला पाच पारडी होती आणि दागिन्यात भेसळ किती हे दागिना न मोडता सांगण्यापर्यंत त्याची मजल होती.

या ग्रंथात द्रवपदार्थांचेही एक कोष्टक आहे. थंड पाण्याचे वजन शंभर धरले तर तेवढ्याच मापाच्या इतर पदार्थांचे वजन किती, असा तो हिशेब आहे. गरम पाणी ९५.८, बर्फ ९६.५, समुद्राचे पाणी १०४.१, ऑलिव्हचे तेल ९२, तिळाचे तेल ९१.५, मध १४०.६, गाईचे दूध १११. आता आजच्या मोजमापांशी ताडून पाहू. थंड पाणी १०० धरले तर उकळते पाणी ९५.८ च्या आसपासच येते. तेलांचे आकडे बरोबर आहेत, मधाचा आकडाही ठीक आहे. समुद्राचे पाणी आज १०२.५ च्या जवळ भरते, म्हणजे तेथे थोडे अंतर पडले. बर्फाचा आकडा मात्र चुकला, तो ९१.७ हवा. दुधाचा तर बराच चुकला, कारण गाईचे दूध १०३ च्या आसपास असते.

पालक बंधुभगिनींनो, या चुका मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्या समाजात दोन प्रकारची बोलणी कानांवर येतात. सभेत उठून काही वक्ते म्हणतात की सारे विज्ञान आपल्याच पूर्वजांनी शोधले आणि युरोपने ते चोरले. घरी आल्यावर काही पालक म्हणतात की विज्ञान-गणित आपल्या मुलांचे काम नव्हे, पोराला लवकर धंद्याला लावा आणि मुलीला दहावीनंतर पुरे करा. पहिल्या बोलण्याने टाळ्या मिळतात, दुसऱ्याने मुलांचे नुकसान होते, आणि दोन्ही बोलणारी माणसे पुष्कळदा एकच असतात. खाझिनींचे मोठेपण सिद्ध करायला त्यांना सर्वज्ञ ठरवण्याची गरज नाही. त्यांच्याजवळ तापमापक नव्हता. 'गरम पाणी' म्हणजे नेमके किती गरम, हे आकड्यात सांगण्याचे साधन त्या युगात कोणाजवळही नव्हते. तरीही गरम पाणी शंभरात चार भाग हलके होते, हे त्यांच्या तराजूने पकडले. हवेलाही वजन आहे, आणि दाट हवेत वस्तू किंचित हलकी भरते, हेही त्यांनी लिहून ठेवले. हवेचा दाब मात्र त्यांनी मोजला नाही. ते काम पाचशे वर्षांनी इटलीत झाले.

खाझिनींच्या ग्रंथात द्रवाची घनता मोजण्याच्या तरत्या नळीचेही वर्णन असून ती कल्पना त्यांनी प्रामाणिकपणे पॅपस या ग्रीक पंडिताच्या नावे दिली आहे. हीच नळी आज दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर म्हणून दिसते. दुधात पाणी घातले की घनता कमी होते आणि नळी खोल बुडते. पण दूध गरम असले तरीही ती खोल बुडते! म्हणून जाणता माणूस आधी दुधाचे तापमान पाहतो आणि मग गवळ्यावर आरोप करतो.

त्या ग्रंथाचे पुढे काय झाले? ग्रंथ पुरा झाल्यावर शंभर वर्षांनी, इ. स. १२२१ मध्ये, मोंगलांनी मर्व शहर बेचिराख केले. शहर गेले, पण प्रती राहिल्या. तब्रीझ येथील रशियन वकील खानिकॉफ याच्या हाती एक प्रत आली आणि त्याने केलेले भाषांतर अमेरिकेच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात १८६० च्या सुमारास छापले गेले. दुसरी एक प्रत आपल्या मुंबईच्या जामा मशिदीच्या ग्रंथालयात होती. हैदराबादेतही एक होती. हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने हिजरी १३५९ म्हणजे १९४० साली मूळ अरबी ग्रंथ छापला. म्हणजे जे पुस्तक रशियाने आणि अमेरिकेने वाचून टिपणे काढली, ते खाडीपलीकडच्या आपल्याच मशिदीत कपाटात होते. चोरीची तक्रार करताना हे कपाटही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता पाण्यावरून हवेकडे येऊ. हिजरी ३०४ म्हणजे इ. स. ९१६ मध्ये बगदादचे प्रवासी अल-मसऊदी सैमूर बंदरात उतरले. सैमूर म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातील चौल. तेथे ओमान, बसरा, बगदाद इत्यादी ठिकाणांहून येऊन स्थायिक झालेली मुसलमानांची मोठी वस्ती त्यांनी पाहिली. ही माणसे आली ती वाऱ्याच्या जोरावर. प्रवासाला योग्य अशा ठराविक काळाला अरबीत 'मौसिम' म्हणतात आणि आपला मराठी 'मोसम' तोच शब्द आहे. कोणत्या महिन्यात कोणता वारा, हे नाखव्याला बापाकडून कळे. वारा का वाहतो, हा प्रश्न वेगळा. नवव्या शतकात बगदादचे अल-किंदी यांनी त्याचे उत्तर देताना असे म्हटले की तापल्याने हवा पसरते, थंडीने आकसते, आणि त्यामुळे एकीकडून दुसरीकडे वाहते. इंग्रज ज्योतिषी एडमंड हॅली याने १६८६ साली मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढून हेच कारण अधिक सविस्तर मांडले.

पनवेलच्या खाडीवर हे रोज घडते. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. जमिनीवरची हवा तापून पसरते, तिची घनता कमी होते आणि ती वर जाते. खाली दाब उतरतो. मग समुद्रावरची थंड, जड हवा आत घुसते. हाच आपला दुपारचा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि उलट्या दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. शिडाचे पडाव व मचवे भरती-ओहोटी आणि हे दोन वारे यांची सांगड घालून मुंबईस ये-जा करीत. मृगाचा पाऊस हा याच खेळाचा मोठा अवतार आहे. उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थान तापतो, तेथे दाब उतरतो आणि अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीवर येऊन आदळते. पृथ्वीचे फिरणे, हिमालयाची भिंत अशी आणखी कारणे त्यात मिसळलेली आहेत, पण पाया हाच.

दाब मोजण्याचे यंत्र आले ते १६४४ च्या सुमारास. इटलीच्या टॉरिचेलीने पाऱ्याने भरलेली नळी उलटी धरली. सगळा पारा खाली पडला नाही, सुमारे ७६ सेंटिमीटर उंच उभा राहिला. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि तिचे वजन हा पारा तोलून धरते, हे त्याने ओळखले. १६४८ साली फ्रान्समध्ये पास्कलच्या मेहुण्याने ही नळी डोंगरावर नेली तेव्हा पारा उतरलेला दिसला. वर हवेचा थर कमी, म्हणून वजन कमी. पुढे १६६२ साली बॉइलने हवा दाबली की आकारमान त्याच प्रमाणात घटते हे दाखवले आणि १८०२ साली गे-लुसॅकने तापवली की ती किती फुगते त्याचा नियम दिला. या दोन नियमांत आपली तिन्ही भावंडे एकत्र आली.

आपल्या घाटातही हा प्रयोग झालेला आहे. लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ पासून दख्खनची पाहणी करीत फिरत होता. त्या काळी मुंबईचा प्रवासी नावेने पनवेलला उतरे व तेथून बोरघाट चढून पुण्यास जाई. घाटात गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत झाला. पाऱ्याची लांब काचनळी घेऊन असा घाट चढायचा म्हणजे ती फुटण्याचीच धास्ती. पण उंची मोजण्याचा दुसरा सोपा मार्ग आहे. पाणी उकळायचे आणि ते किती अंशांवर उकळते ते पाहायचे. हवेचा दाब कमी झाला की पाण्यातली वाफ लवकर सुटते, म्हणून उंचावर पाणी कमी तापमानावर उकळते. साध्या तापमापकाने उंची मोजण्याच्या या पद्धतीवर साइक्सने १८३८ साली लंडनच्या भूगोल संस्थेच्या नियतकालिकात लेख लिहिला. ढोबळ हिशेब असा की दर तीनशे मीटर चढले की एक अंश उतरतो. पनवेलला शंभर, पुण्याला सुमारे ९८, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास.

त्याच साइक्सने आणखी एक गोष्ट टिपली होती. दख्खनमध्ये वादळ नसतानाही हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि तोही घड्याळासारखा नियमित. १८३५ साली रॉयल सोसायटीने हा निबंध छापला. सूर्याच्या उष्णतेने वरचे वातावरण तापून फुगते त्याच्याशी याचा संबंध आहे, हे नीट उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले. दुपारच्या उन्हात विमानाला उड्डाणासाठी जास्त लांब धाव घ्यावी लागते, तीही पातळ झालेल्या हवेमुळेच. २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ आपल्या दारातच आहे, तेव्हा हे उदाहरण मुलांना आता दूरचे वाटू नये.

राहिली वाफ. फ्रान्सच्या पापँ याने १६७९ साली घट्ट झाकणाचे एक भांडे दाखवले. त्याला दाब सोडणारी झडपही होती. आपला प्रेशर कुकर त्याचाच वंशज. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, १२० च्या आसपास जाते, आणि डाळ लवकर शिजते. आमच्या भगिनी विचारतील, बिर्याणीला दम देताना कणीक लावून झाकण बंद करतो तेही हेच का? पूर्णपणे नाही. कणकेच्या फटींतून वाफ निसटत राहते, त्यामुळे दाब फारसा चढत नाही. तेथे वाफ व सुगंध आत राखणे हाच हेतू असतो.

एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. ती जागा न देता बॉयलरमध्ये कोंडली की जो जोर उत्पन्न होतो, त्याने आगगाडी चालते. बॉयलरमध्ये दहा वातावरणांइतका दाब असेल तर पाणी १८० अंशांपर्यंत तापूनही द्रवच राहते. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये पूर्ण झाली. ती कर्जतवरून गेल्यामुळे पनवेलची घाटाकडील वाहतूक ओसरू लागली. म्हणजे ज्या वाफेने मुंबईला पुणे जवळ केले, तिनेच आपल्या चाकांच्या धंद्याला धक्का दिला.

पुढे त्याच वाफेला मुंबईच्या एका बोहरा घराण्याने आपल्या शेजारच्या डोंगरावर चढवले. लहानपणी रस्त्यावर फिरून माल विकणारे आदमजी पीरभाई मोठे उद्योगपती झाले, सर झाले. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली नेरळ ते माथेरान रेल्वेचे काम काढले आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. सोळा लाख रुपये खर्च झाला. दोन फूट रुंदीचा मार्ग, सुमारे २१ किलोमीटर लांबी, आणि काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट चढ. अशा वळणांवर साधे इंजिन अडकले असते, म्हणून जर्मनीहून खास रचनेची, चाके थोडी बाजूला सरकू शकणारी चार इंजिने आणली होती. कोणत्याही सरकारने पैसा पुरवला नव्हता. नाव घराण्याचे, आणि गाडीचा लाभ सर्वांना.

माथेरान सुमारे आठशे मीटर उंच आहे. शाळेची सहल तेथे गेली तर शिक्षकांनी प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापक बरोबर न्यावा. तापाचा नेऊ नये, तो उकळत्या पाण्यात फुटेल. चहाच्या टपरीवर विनंती करून उकळत्या पाण्यात तापमापक धरावा व आकडा वहीत लिहावा. तो ९७ च्या थोडा वर यावयास हवा. नेरळला उतरून तोच प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही आकड्यांपुढे तारीख, वेळ आणि पाणी कोठले तेही लिहून ठेवावे.